पुण्याच्या अळ्या, जगभरचे फ्लास्क

ती प्लेट मागे जाऊ द्या. हो हो, हातात घ्या, काही होत नाही, तिच्यात आता काहीही जिवंत नाहीये, फॉर्मालिन लावून जांभळ्या रंगात रंगवून कितीतरी वर्षं झालीत तिला. तिला चोवीस खड्डे आहेत बघा, प्रत्येकाचा तळ जांभळा, आणि त्या जांभळ्यात मोहरीएवढी पांढरी भोकं. काही खड्ड्यांत एकही भोक नाही, काहींत एवढी की सगळं पांढरंच दिसतंय. तर एक काम करा, दुसऱ्या ओळीतला तिसरा खड्डा धरा आणि त्यातली भोकं मोजा. आकडा कुणाला सांगू नका, शेजारच्यालाही नाही. शेवटी विचारणार आहे.

तर मंडळी, मी सायंटिस्ट नाही हे आधीच सांगते. मी टेक्निशियन होते, एकतीस वर्षं, व्हायरसच्या लॅबमध्ये. पत्रिकेवर विषय छापलाय "डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासाची प्रयोगशालेय साधने", एवढं लांबलचक नाव वाचून कोण येणार असं मला वाटलं होतं, तरी तुम्ही आलात, आणि पुढच्या रांगेत शाळेतली मुलंपण दिसतायत. साधनं म्हटलं की लोकांना मशीन आठवतं, काहीतरी लाल दिवे लुकलुकणारं, कोविडच्या वेळी टीव्हीवर दाखवायचे तसं. मशीन होती की आमच्याकडे, पण ज्यांच्यावाचून खरंच अडायचं ती साधनं जिवंत होती. त्यांना खायला घालावं लागायचं, रविवारी सुद्धा, दिवाळीत सुद्धा.

असं का, तर बॅक्टेरिया आपला आपण वाढतो, त्याला डिशमध्ये आगर आणि थोडं खाणं दिलं की झालं. व्हायरस म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. त्याला दुसऱ्याची जिवंत पेशी लागते, तिच्यात शिरल्याशिवाय तो एकाचा दोन होत नाही. आणि हे आपले डासवाले व्हायरस, म्हणजे डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, ह्यांना तर दोन दोन बिळं लागतात, एक डासाचं आणि एक माणसाचं किंवा डुकराचं किंवा पक्ष्याचं. एकीकडे अठ्ठावीस डिग्री, दुसरीकडे सदतीस. दोन्हीकडे जो सुखाने नांदतो तो व्हायरस, आणि आपल्याला लॅबमध्ये ती दोन्ही घरं बांधून द्यायची असतात, म्हटलं तर एवढंच काम.

पुण्यात हे काम सुरू झालं १९५२ साली, आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, तीच आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था. तेव्हा घर म्हणजे उंदीर. तोही मोठा नाही, एक ते तीन दिवसांचं पिल्लू, गुलाबी, डोळे न उघडलेलं. पेशंटचं रक्त किंवा डास वाटून केलेला रस बारीक सुईने त्या पिल्लाच्या मेंदूत द्यायचा आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ बघत बसायचं, पिल्लू दूध पितंय का, उलटं केलं तर सुलटं होतंय का. आजारी पडलं की मेंदू काढायचा, पुढच्या पिल्लांना द्यायचा. मी नोकरीला लागले तेव्हाही हे थोडंफार चालू होतं, आणि खरं सांगते, मला ते कधीच जमलं नाही, म्हणजे हाताला जमलं, मनाला नाही. शिवाय आईने एखादं पिल्लू खाऊन टाकलं की आमची बोंब, ते आजारी होतं म्हणून खाल्लं की तिला उगाच वाटलं म्हणून खाल्लं, वहीत काय लिहायचं?

ह्या उंदरांवरच सुरुवातीच्या वर्षांत एक मोठी पाहणी झाली, देशातल्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, घेऊन ते पंधरा वेगवेगळ्या व्हायरसना थोपवतं का हे बघायची. सीरम आणि व्हायरस एकत्र करायचे, उंदराला द्यायचे, उंदीर वाचला तर त्या माणसाच्या रक्तात त्या व्हायरसविरुद्ध अँटिबॉडी आहे. १९५४ मध्ये ते छापून आलं, त्यात झिकासाठी तपासलेल्या १९६ जणांपैकी ३३ जणांचं सीरम झिकाला थोपवत होतं. झिका! जो युगांडाच्या जंगलातल्या एका माकडात १९४७ साली सापडला होता आणि ज्याचं नाव २०१६ पर्यंत आपल्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. आता ह्याचा अर्थ काय लावायचा? झिका तेव्हाच इथे होता? असेलही. पण झिका आणि डेंग्यू सख्खे चुलत भाऊ आहेत, एकाला ओळखणारी अँटिबॉडी दुसऱ्याच्याही गळ्यात पडते, त्यामुळे ते ३३ जण कुणाला भेटून आले होते हे त्या टेस्टवरून छातीठोक सांगता येत नाही. पुढे महाराष्ट्रातला पहिला झिकाचा पेशंट सापडला २०२१ च्या जुलैअखेर, तोही पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला, पुण्यापासून हाकेच्या अंतरावर.

उंदराचं दुसरं गाऱ्हाणं म्हणजे डेंग्यू. जपानी मेंदूज्वर उंदराला पटकन लोळवतो, डेंग्यू तसा नाही, पेशंटचं रक्त दिलं तर बऱ्याचदा पिल्लं मजेत हुंदडतात, एकातून दुसऱ्यात असं कितीतरी वेळा फिरवावं तेव्हा कुठे तो उंदराला सरावतो. म्हणजे ज्या आजाराचे पेशंट सगळ्यात जास्त, त्याच आजाराला आमचं मुख्य साधन बहिरं. मध्ये एक गूसच्या रक्ताची टेस्टपण होती, गूस म्हणजे बदकाचा थोरला भाऊ समजा, त्याच्या लाल पेशी ह्या व्हायरसला चिकटतात, बरोबर आंबटपणा जुळला की खड्ड्यात जाळं पसरतं आणि अँटिबॉडीने व्हायरसला धरून ठेवलं असेल तर पेशी खाली बसून लाल बटण होतं. क्लार्क आणि कॅसल्स यांनी १९५८ मध्ये ती बसवली. बटण की जाळं, साधं डोळ्यांनी बघायचं. गूस मात्र चावायचा, हे कुठल्या पेपरात नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते, कारण हीच सांगायला मी आले आहे.

१९६० च्या दशकात माणसाच्या आणि माकडाच्या पेशी बाटलीत वाढवायला लोक शिकले होते, किड्यांच्या पेशी मात्र काही केल्या टिकत नव्हत्या. ऑस्ट्रेलियात ग्रेस नावाच्या माणसाला १९६२ मध्ये एका पतंगाच्या पेशी टिकवता आल्या, त्या जगातल्या पहिल्या. तो पतंग म्हणजे आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे टसर रेशीम होतं ना, त्या किड्याच्या नात्यातला. मग १९६६ मध्ये ग्रेसने एडिस इजिप्ती डासाच्या पेशीपण आणल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नंतर, १९७० च्या दशकात, तपासणी झाली तेव्हा कळलं की त्या डासाच्या नव्हेतच, त्याच पतंगाच्या आहेत! एका बाटलीतला थेंब दुसऱ्या बाटलीत गेला आणि जी जोमाने वाढते तिने दुसरीला खाऊन टाकलं. हसू नका, हे कुठेही होऊ शकतं. एका लॅबमध्ये, नाव नाही घेत, आम्ही चार महिने एक पेशी वाढवत होतो ती भलतीच निघाली, कुणीतरी एकच पिपेट दोन बाटल्यांत घातलं होतं आणि ते कुणीतरी म्हणजे मीच असण्याची शक्यता बरीच आहे.

तर ह्याच सुमारास पुण्यात डॉ. के. आर. पी. सिंग डासाच्या पेशींच्या मागे लागले होते. त्यांनी मोठा डास घेतलाच नाही, अळ्या घेतल्या, नुकत्या अंड्यातून बाहेर आलेल्या. ह्यात डोकं आहे बघा. मोठ्या डासाच्या पेशी वाढून झालेल्या असतात, त्याच्या पोटात जिवाणू, अंगावर बुरशी, काय काय असतं. अंडं मात्र वरून औषधाने धुवून घेता येतं, आत सगळं स्वच्छ, आणि अळीच्या अंगात वाढायची घाई असलेल्या पेशी भरपूर. अंडी निर्जंतुक करायची, अळ्या निघू द्यायच्या, मग त्या बारीक चिरायच्या आणि खाण्यात टाकायच्या. खाणं कुठलं वापरलं माहितीये? मित्सुहाशी आणि मारामोरोश यांनी तुडतुड्यांच्या पेशींसाठी बनवलेलं, हो, तेच पिकावरचे तुडतुडे, कारण ते वनस्पतींचे व्हायरस पसरवतात. साखर, क्षार, दुधातल्या प्रथिनाचे तुकडे, यीस्टचा अर्क, आणि वर वासराच्या गर्भाचं सीरम. तुडतुड्याचं ताट डासाला लागू पडलं.

१९६७ मध्ये करंट सायन्समध्ये जेमतेम तीन पानांत हे आलं, दोन डासांच्या पेशी, एडिस अल्बोपिक्टस म्हणजे तो पांढऱ्या पट्ट्यांचा टायगर मॉस्किटो, आणि एडिस इजिप्ती. आणि पुढच्या दोन वर्षांत सिंग आणि पॉल यांनी दाखवलं की ह्या अल्बोपिक्टसच्या पेशींमध्ये डेंग्यू वाढतो, पेशंटच्या रक्तातून सरळ पकडता येतो. ज्याला उंदीर बहिरा होता ते ह्या पेशीला ऐकू आलं. साहजिकच आहे म्हणा, डेंग्यूचं माहेरच ते.

आणि ह्या पेशींचे लाड फार नाहीत. माकडाच्या पेशीला सदतीस डिग्रीचा इन्क्युबेटर लागतो, बरेचदा त्यात कार्बन डायऑक्साइडची टाकी जोडलेली, ती टाकी संपली की धावपळ. डासाच्या पेशीला अठ्ठावीस डिग्री, बाटलीचं बूच घट्ट लावा आणि ठेवा. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये ती टेबलावरसुद्धा वाढते. गरम देशातल्या, लाइट जाणाऱ्या, पैसे कमी असणाऱ्या लॅबला ह्याचा काय उपयोग होतो ते मी सांगायला नको.

मग ह्या पेशी इकडून तिकडे गेल्या, अमेरिकेत, जपानला. जपानमध्ये अकिरा इगाराशी यांनी त्यातली एकेक पेशी वेगळी काढून वाढवली आणि कुठली डेंग्यू-चिकुनगुन्याला जास्त दाद देते ते बघितलं. एक सापडली, तिचं नाव सी सिक्स थर्टी-सिक्स. १९७८ चा तो पेपर, आणि त्याच्या शीर्षकातच "सिंग यांच्या एडिस अल्बोपिक्टस पेशींचा" असं लिहिलंय. आज ब्राझीलला जा, थायलंडला जा, पॅरिसला जा, डेंग्यूवर काम करणाऱ्या लॅबमध्ये अठ्ठावीस डिग्रीचा इन्क्युबेटर उघडला की आत सी सिक्स थर्टी-सिक्स असण्याची शक्यता मोठी आहे. तिथल्या पोरापोरींना विचारलं तर सांगतील कॅटलॉगमधून मागवली. कॅटलॉगच्या मागे पुण्यातल्या मूठभर अळ्या आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, आणि गंमत म्हणजे पुण्यातल्या लोकांनाही नसतं, आपण शनिवारवाडा दाखवतो पाहुण्यांना.

पण ही पेशी एवढी गुणी का हे कळायला तीसेक वर्षं गेली. डास व्हायरसपुढे नुसता हात जोडून बसत नाही. व्हायरस वाढायला लागला की त्याच्या आरएनएचे दुहेरी धागे तयार होतात, आणि डासाच्या पेशीत डायसर-टू नावाची कात्री असते, ती हे धागे एकवीस-एकवीस अक्षरांच्या तुकड्यांत कापते आणि मग त्या तुकड्यांचा नमुना धरून बाकीचा व्हायरस हुडकून काढला जातो. २०१० मध्ये कळलं की सी सिक्स थर्टी-सिक्समध्ये ही कात्रीच बोथट आहे, जीनमध्येच बिघाड. म्हणून तिच्यात व्हायरस मोकाट वाढतो. आता गंमत बघा, माणसाच्या बाजूचं जे आवडतं साधन, व्हेरो पेशी, जपानमध्ये १९६२ साली आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून काढलेली, ती तरी काय? ती इंटरफेरॉन बनवू शकत नाही. इंटरफेरॉन म्हणजे शेजाऱ्यांना "चोर आला रे" म्हणून ओरडणारी पेशीची हाक. व्हेरोला ती हाकच मारता येत नाही.

म्हणजे आपण डासाचं घर म्हणून जे वापरतो त्याची कडी मोडलेली, माणसाचं घर म्हणून जे वापरतो त्याचा राखणदार मुका. व्हायरस पकडायला हे उत्तम, त्याला मुबलक वाढवायला उत्तम, लसीसाठीसुद्धा. पण "डास व्हायरसशी कसा लढतो" हे सी सिक्स थर्टी-सिक्सला विचारायला गेलात तर ती काय सांगणार, तिला लढताच येत नाही! त्यासाठी दुसऱ्या पेशी घ्याव्या लागतात, एडिस इजिप्तीच्या एजी-टू, त्यांची कात्री शाबूत आहे. माझं मत विचाराल तर कितीतरी पेपर मी असे बघितले की ज्यांत प्रश्न एका पेशीचा आणि उत्तर दुसऱ्या पेशीचं, कारण फ्रीझरमध्ये तीच होती. सरांनी मागवली होती, मग तीच.

आणि उघड्या घरात व्हायरस फार दिवस राहिला की त्याच्या सवयीही बदलतात. चिकुनगुन्या व्हेरोमध्ये पुन्हा पुन्हा वाढवला तर त्याच्यात असे बदल येतात की तो पेशीच्या अंगावरच्या हेपरान सल्फेट नावाच्या साखरेला घट्ट चिकटायला लागतो, बाटलीत ते सोयीचं, पण जिवंत प्राण्यात तोच व्हायरस वाटेतच चिकटून बसतो आणि नरम पडतो. डासाच्या पेशीतून निघालेल्या डेंग्यूच्या अंगावरची साखरही वेगळी, माकडाच्या पेशीतल्याची वेगळी. म्हणून आमच्याकडे कुपीवर पॅसेज लिहायचा दंडक होता, किती वेळा वाढवला, कुठल्या पेशीत. पी टू, पी थ्री, पी नाइन. नाइन दिसला की मॅडम म्हणायच्या, हा आता आपल्याकडचा जावई झाला, ह्याला विचारून उपयोग नाही.

ह्या पेशींमध्ये कधीकधी आपण न ठेवलेला भाडेकरूपण निघतो. १९७५ मध्ये स्टोलर आणि थॉमस यांना दिसलं की दुसऱ्या एका लॅबमधल्या एडिस इजिप्ती पेशींवरचं पाणी सिंगांच्या अल्बोपिक्टस पेशींवर टाकलं की त्या एकमेकींत मिसळून त्यांचे मोठे गोळे होतायत. तो व्हायरस निघाला, डासाचाच, माणसाला न लागणारा, डेंग्यूच्याच कुटुंबातला, पण दूरच्या नात्यातला. पुढे असे कितीतरी सापडले पण पहिला असा पेशीच्या बाटलीत, पाहुण्यासारखा.

बरं, प्लेट कुठे आहे? खिडकीपाशी. ठीक. तिचं आता सांगते.

व्हायरस डोळ्यांना दिसत नाही, पण त्याने केलेलं नुकसान दिसतं. प्लेटच्या तळाला व्हेरो पेशींची एक सलग चादर पसरते, एकीला लागून एक. तिच्यावर व्हायरस टाकला, एक व्हायरस एका पेशीत शिरला, ती मेली, तिच्यातून निघालेले शेजारणीत शिरले, त्या मेल्या, असं करत भोक मोठं होतं. पण पातळ पाण्यात ते वाहून इकडेतिकडे जातील आणि सगळीच चादर विरेल, म्हणून वरून घट्ट लापशीसारखं काहीतरी ओततात, आम्ही सीएमसी वापरायचो, म्हणजे व्हायरसला फक्त शेजारी जाता येतं, लांब उडी मारता येत नाही. चार-पाच दिवसांनी लापशी काढायची, क्रिस्टल व्हायोलेट घालायचं. जिवंत चादर जांभळी, मेलेली जागा पांढरी. एक भोक म्हणजे सुरुवातीचा एक व्हायरस, म्हणजे तो मोजता आला! रेनाटो डल्बेको यांनी १९५२ मध्ये प्राण्यांच्या व्हायरससाठी हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्यांनी घेतलेला व्हायरस होता घोड्यांना मेंदूज्वर देणारा, वेस्टर्न इक्वाइन, म्हणजे डासवालाच. पेशी कोंबडीच्या गर्भाच्या.

आणि मग ह्याच्यावरूनच अँटिबॉडीची पक्की टेस्ट. पेशंटचं सीरम छप्पन्न डिग्रीला अर्धा तास गरम करायचं, दुप्पट दुप्पट पातळ करत जायचं, प्रत्येकात ठरावीक व्हायरस मिसळायचा, तासभर ठेवायचं आणि चादरीवर टाकायचं. भोकं निम्म्यावर आली की तिथपर्यंत सीरमचा दम. झिका की डेंग्यू हा १९५४ चा घोळ सोडवायला आजही शेवटी ह्यालाच विचारतात, दोघांच्या प्लेटा शेजारी शेजारी लावून कुणाची भोकं जास्त पातळ सीरमलाही कमी होतायत ते बघून. तरीही ज्याला आधी दोनदा डेंग्यू होऊन गेलाय त्याचं सीरम सगळ्यांनाच थोपवतं आणि मग ही टेस्टपण खांदे उडवते. आठवडा जातो ह्यात, हात भरून येतात, म्हणून पेशंटच्या रोजच्या रिपोर्टसाठी ही चालत नाही.

रोजच्या रिपोर्टचं पटकन सांगते कारण हे प्रत्येकाला घरी लागतं. ताप आल्यावर पहिले पाच दिवस रक्तात व्हायरस असतो, त्याचं एनएस-वन नावाचं प्रथिनही असतं, तेव्हा एनएस-वनची एलायझा, म्हणजे रंग आला की पॉझिटिव्ह अशी टेस्ट, किंवा पीसीआर. पाच दिवसांनंतर व्हायरस ओसरतो आणि आयजीएम अँटिबॉडी वर येते, तेव्हा आयजीएमची एलायझा, त्याचं किट पुण्याहूनच सगळ्या देशातल्या सेंटिनल, म्हणजे आजारावर पाळत ठेवायला नेमलेल्या, हॉस्पिटलांना जातं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आयजीएम करून निगेटिव्ह आली म्हणून "डेंग्यू नाहीये, डॉक्टर उगाच घाबरवतात" असं म्हणू नका. टेस्ट चुकली नाही, तुम्ही तिला चुकीच्या दिवशी विचारलंत.

आता डासांची खोली. काका, तुम्ही मघाशी विचारत होतात ती ही नळी, हिने डास ओढून घेतात, तोंडाने, मध्ये जाळी असते, गिळला जात नाही. बहुतेक वेळा. पेशी कितीही चांगली असली तरी ती डास नव्हे. खऱ्या डासात व्हायरसला आधी पोटाच्या भिंतीतून पलीकडे जावं लागतं, मग अंगभर पसरावं लागतं, मग लाळेच्या ग्रंथीत शिरावं लागतं, प्रत्येक ठिकाणी नाकं आहेत, आणि ह्याला आठ-दहा दिवस लागतात. बाटलीत ह्यातलं काही नाही. म्हणून कॉलनी, म्हणजे लॅबमध्ये पाळलेले डास. फिल्टर पेपरवर घातलेली अंडी वाळवून महिनोन् महिने ठेवता येतात, पाण्यात टाकली की अळ्या, अळ्यांना यीस्ट आणि कुत्र्याच्या बिस्किटांची पूड, मोठ्यांना साखरपाण्याचा बोळा. मादीला रक्त, पातळ पडद्यामागे कोमट ठेवलेलं, त्यात व्हायरस. मग दहा-बारा दिवसांनी बर्फावर डास बधीर करायचा, पाय तोडून एका नळीत, सोंड काचेच्या केसाएवढ्या नळीत घालून लाळ गोळा करायची ती दुसरीत, उरलेलं अंग तिसरीत. अंगात आहे पण पायात नाही, म्हणजे पोटातच अडकला. पायात आहे पण लाळेत नाही, म्हणजे हा डास चावला तरी बाधा नाही. ही टेस्ट करताना दिवसाला चाळीस-पन्नास डास झाले की मान मोडते.

अशाच खोल्यांतून एक मोठं कोडं सुटलं. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चिकुनगुन्या भडकला, आणि तिथे एडिस इजिप्ती फारसा नव्हता, टायगर मॉस्किटो होता. व्हायरसच्या आवरणातल्या एका प्रथिनात २२६ नंबरच्या जागी अॅलनीन नावाच्या अमिनो आम्लाचं व्हॅलीन झालेलं दिसलं. एवढ्याशाने काय होणार? तर व्हायरसची पूर्ण प्रत डीएनएमध्ये बनवून ठेवता येते, तिच्यात हवं ते एक अक्षर बदलून पुन्हा जिवंत व्हायरस काढता येतो. तसे दोन व्हायरस काढले, फक्त त्या एका जागेचा फरक, आणि दोन्ही खऱ्या डासांना पाजले. व्हॅलीनवाला टायगर मॉस्किटोत कितीतरी सहज शिरत होता. नंतर केरळमध्ये तोच बदल सापडला, तिथे रबराच्या मळ्यांत हा डास मुबलक.

आणि एक डास असा आहे की ज्यावर माझा फार जीव. टॉक्सोऱ्हिंकायटिस. सगळ्यात मोठा डास, निळा-हिरवा चमकणारा, सोंड खाली वाकलेली, आणि तो चावतच नाही! मादीसुद्धा नाही, फुलातला रस पिते. १९७० च्या दशकात रोझेन आणि गुबलर यांनी दाखवलं की डासाच्या छातीत सुईने पेशंटचं सीरम टोचलं की डेंग्यू आत मस्त वाढतो, आणि पुढे रोझेननी त्यासाठी हा मोठा डास आणला. फायदा दुहेरी, आकार मोठा त्यामुळे जास्त सीरम मावतं, आणि पिंजऱ्यातून सुटला तरी कुणाला चावणार नाही. दहा-बारा दिवसांनी डोकं स्लाइडवर चिरडायचं, चमकणारी अँटिबॉडी लावायची, अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली व्हायरस असेल तर पोपटी उजेड. एकच कटकट, ह्याच्या अळ्या दुसऱ्या अळ्या खातात, आणि नाही मिळाल्या तर एकमेकींना. म्हणून प्रत्येकीला वेगळी वाटी. शंभर वाट्या, शंभर अळ्या, आणि रोज प्रत्येकीला दुसऱ्या डासाच्या अळ्यांचं ताट वाढायचं. माझी सासू म्हणायची, घरी चार माणसांना वाढताना तोंड वाकडं होतं हिचं.

शेवटचं साधन सांगते, ते म्हणजे जुना फ्रीझर. मी खरंच सांगते, पैसे मागायला गेलं की नवीन सिक्वेन्सरला, म्हणजे जीनमधली अक्षरं वाचणाऱ्या मशीनला, मिळतात, फ्रीझरच्या जनरेटरला मिळत नाहीत. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला चिकुनगुन्याची मोठी साथ आली, नंतर तो जणू देशातून नाहीसा झाला आणि २००५ च्या शेवटी एकदम उसळला, २००६ मध्ये सरकारी आकड्यांनीच तेरा-चौदा लाख संशयित पेशंट, आठवत असेल तुम्हाला, गल्लीच्या गल्ल्या गुडघे धरून बसल्या होत्या. लोकांना वाटलं जुनाच परत आला. तेव्हा फ्रीझरमधल्या जुन्या कुप्या काढल्या. १९६३ ते १९७३ मधले निघाले आशियाई प्रकारचे. २००६ चे आफ्रिकी प्रकारचे, म्हणजे जुना नव्हेच हा, दुसराच. आणि मधली एक कुपी होती, २००० सालची, यवतच्या डासांमधून काढलेली. यवत म्हणजे आपलं दौंड तालुक्यातलं, तुकोबांची पालखी मुक्कामाला थांबते ते. तीही आफ्रिकी निघाली! म्हणजे साथीच्या पाच वर्षं आधी तो इथे येऊन बसला होता, आपल्या अंगणात, आणि त्याची साक्ष कुणीतरी उणे सत्तर-ऐंशीला जपून ठेवली होती म्हणून कळलं. त्या वर्षी ते डास कुणी पकडले, कुणी वाटले, कुपीवर कुणी तारीख लिहिली, मला माहीत नाही, पण अक्षर वाचता येत होतं एवढं नक्की.

विचारा, मागे कोणीतरी हात वर केलाय. हो, सिंगांच्या पेशी अजून आहेत का? आहेत ना, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे एकशे शहाण्णव डिग्रीला, वेगवेगळ्या देशांच्या बँकांमध्ये. काढून कोमट पाण्यात धरल्या की दोन मिनिटांत वितळतात, दुसऱ्या दिवशी तळाला चिकटलेल्या दिसतात, गोल गोल. १९६७ पासून सलग वाढतायत म्हणा की.

चला, प्लेट आली परत. दुसरी ओळ, तिसरा खड्डा. तुम्ही किती मोजलीत? सदतीस. आणि ताई तुम्ही? एकेचाळीस. अरे वा, आणि हा मुलगा काय म्हणतोय, चव्वेचाळीस? कडेची अर्धी भोकं धरलीस ना तू? आम्ही धरायचो नाही. दोघींनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकींच्या वहीत बघायचं नाही, आणि फार फरक आला की दोघींनी पुन्हा. माझ्या वहीत ह्या खड्ड्याला एकोणचाळीस लिहिलंय, आणि माझ्या जोडीदारणीच्या वहीत बेचाळीस.